शितावरून भाताची परीक्षा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दत्तक गावी भरले होते. सकाळी श्रमदान आणि दुपारी सर्वेक्षण असा कार्यक्रम होता. सर्वेक्षणाचा विषय होता पिण्याचे पाणी. आम्ही मुली दोघी-दोघी मिळून घरोघर हिंडलो, छापील तक्ते भरले आणि शिबिर संपल्यावर बेरजा करण्याचे काम माझ्याकडे आले. दर पाच घरांपैकी चार घरांत नळ आहे असे उत्तर निघाले. आता याचा तक्ता कसा मांडावा, आलेख कोणता काढावा, हे विचारण्यासाठी कागदांचे बाड घेऊन मी अर्थशास्त्राच्या सरांकडे गेले.

सरांनी बेरजा पाहिल्याच नाहीत. कोणती घरे पाहिली, कोणत्या वेळी गेलात आणि कुलूप असलेल्या घरांचे काय केले, एवढेच त्यांनी विचारले. मी गप्प झाले. आम्ही गेलो होतो भर दुपारी. मजुरीला गेलेल्यांची दारे बंद होती, ती आम्ही सोडून दिली होती. ओढ्यापलीकडे एक वस्ती होती, पण वाट चिखलाची म्हणून तिकडे कोणीच गेले नव्हते. म्हणजे ज्यांना डोक्यावरून पाणी आणावे लागते, नेमकी तीच घरे आमच्या तक्त्यात नव्हती.

मला वाईट वाटले ते आणखी एका कारणाने. माझे स्वतःचे घर आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे आहे. कागद घेऊन आलेली माणसे देवळापाशी बसतात, चहा घेतात आणि तिथूनच परत जातात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आणि माझ्या हाती कागद आल्यावर मीही तेच केले!

सर रागावले नाहीत. आता या कागदांवर औषध नाही, सल्ला हा मोजायला निघण्याच्या आधी घ्यायचा असतो, असे त्यांनी समजावले आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे चरित्र वाचायला सांगितले. हे नाव मला दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रश्नोत्तरापुरते ठाऊक होते. पण वाचता वाचता लक्षात आले की या माणसाचे सारे आयुष्य लोकांच्या अडचणी ऐकण्यात आणि त्यांवर आकड्यांचा सल्ला देण्यात गेले. ते कसे, हे माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडते.

महालनोबिसांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. केंब्रिज पाहायला गेले असता परतीची गाडी चुकली, मुक्काम पडला, किंग्ज कॉलेजचे भव्य प्रार्थनामंदिर पाहून ते भारावले आणि तिथेच त्यांनी प्रवेश घेतला, अशी आठवण सांगतात.

तिथे त्यांची श्रीनिवास रामानुजन यांच्याशी मैत्री झाली. एकदा ते रामानुजन यांच्या खोलीवर गेले. थंडी फार पडली होती आणि रामानुजन रात्री अंगावर ओव्हरकोट व शाल घेऊन कुडकुडत झोपत असत. महालनोबिसांनी बिछाना पाहिला, तो ब्लँकेटे बिछान्यावर व्यवस्थित ताणून गादीखाली खोचलेली होती. रामानुजन त्यांच्यावर झोपत होते! ती कशी उलगडायची आणि आत शिरून कसे झोपायचे, हे महालनोबिसांनी त्यांना दाखवून दिले. जगातल्या एवढ्या मोठ्या गणितज्ञाची अडचण ब्लँकेटे नसल्याची नव्हतीच. पण ते खोलीत जाऊन पाहिल्याशिवाय कसे कळावे? मला वाटते, पुढे त्यांनी जे जे सल्ले दिले त्यांची किल्ली या लहानशा प्रसंगात आहे.

१९१५ साली केंब्रिजची परीक्षा उत्तम रीतीने पार पाडून ते मायदेशी निघाले. त्या सुमारास मॅकॉले नावाच्या त्यांच्या शिक्षकांनी ग्रंथालयातील ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रविषयक नियतकालिकाकडे त्यांचे लक्ष वेधले. महालनोबिसांनी त्याचे सगळे खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचायला सुरुवात केली. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी कलकत्त्याला उतरला तो मनाने संख्याशास्त्राचा होऊनच! नोकरी मात्र प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची मिळाली आणि ती त्यांनी अनेक वर्षे केली.

संख्याशास्त्र शिकवणारा विभाग तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठांत नव्हता. मग शिकायचे कसे? महालनोबिस शिकले ते लोकांनी आणलेल्या प्रश्नांवर. १९१७ च्या सुमारास तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल तपासण्याचे काम त्यांना दिले. १९२० साली आपल्या नागपुरात भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांची गाठ पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची उंची, डोके, नाक यांची मापे अॅनन्डेल यांच्याजवळ होती, पण त्यांतून निष्कर्ष कसा काढावा हे कोडे होते. ते त्यांनी महालनोबिसांपुढे ठेवले.

दोन समाज शरीराच्या ठेवणीने एकमेकांच्या किती जवळचे आहेत, असा तो प्रश्न. वरवर पाहता सोपा. उंचीतला फरक काढावा, हातांच्या लांबीतला काढावा आणि बेरीज करावी. पण उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात. म्हणजे एकच फरक आपण दोनदा मोजला! अशी एकमेकांत गुंतलेली मापे योग्य तेवढेच वजन देऊन एकत्र कशी करावी, याचा विचार करीत करीत त्यांनी एक सूत्र सिद्ध केले. १९३६ साली ते पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि ‘महालनोबिस अंतर’ या नावाने आज जगभर वापरले जाते. नागपुरात विचारलेल्या एका प्रश्नाचे हे फळ आहे, याचा आपल्याला आनंद वाटायला हरकत नाही.

१९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. पाणी अडवून धरण्यासाठी खर्चिक तलाव बांधावेत असा विचार चालला होता. महालनोबिसांना विचारण्यात आले तेव्हा त्यांनी सुमारे पन्नास वर्षांचा पाऊस आणि पूर यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. या तलावांचा काही उपयोग होणार नाही, पाण्याचा निचरा लवकर होईल असे करा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांध आणखी उंच करावेत, असे तज्ज्ञांचे मत होते. महालनोबिसांनी साठ वर्षांचे आकडे तपासून दाखवले की पात्र वर आल्याचे त्यांत दिसत नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणे बांधणे हा खरा उपाय आहे. ओरिसातील नद्यांवर धरणांचा जो विचार पुढे झाला त्याला या अभ्यासाचा आधार मिळाला, आणि १९५७ साली महानदीवर हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले. लोकांनी विचारले होते बांध किती उंच करू. उत्तर मिळाले की मुळात बांधाचा प्रश्नच नाही. खरा सल्लागार प्रश्न आहे तसा घेत नाही, तो आधी उलटून पालटून पाहतो.

असे प्रश्न वाढत गेले तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या खोलीतच एक संख्याशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. डिसेंबर १९३१ मध्ये सभा भरून भारतीय संख्याशास्त्र संस्थेची कल्पना ठरली आणि २८ एप्रिल १९३२ रोजी संस्थेची नोंदणी झाली. पहिल्या वर्षाचा खर्च अवघा २३८ रुपये! १९३३ साली ‘संख्या’ हे नियतकालिक निघाले. राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय आणि पुढे सी. आर. राव यांच्यासारखे बुद्धिमान तरुण या संस्थेत आले आणि जगप्रसिद्ध झाले. पत्नी निर्मलकुमारी यांची त्यांना आयुष्यभर साथ होती. रवींद्रनाथ टागोरांचा तर दोघांवर फार लोभ होता. विश्वभारतीच्या आरंभीच्या काळात महालनोबिसांनी तिथे चिटणीस म्हणूनही दहा वर्षे काम केले.

जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याला पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. अध्यक्षस्थानी इंग्लंडचे थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर होते. प्रयोग आटोपल्यावर सल्ला मागायला आलेल्याला तो प्रयोग कशाने फसला यापेक्षा फारसे काही सांगता येत नाही, अशा आशयाचा इशारा त्यांनी तिथे दिला. हे वाचताना मला माझे कागदांचे बाड आठवले आणि कानशिले गरम झाली. एवढेच समाधान की माझ्याआधी ही चूक मोठमोठ्या लोकांनीही केली असली पाहिजे, त्याशिवाय फिशर ती कशाला सांगते!

महालनोबिसांचे सर्वांत मोठे काम म्हणजे नमुना पाहणी. बंगालात ताग हे नगदी पीक. यंदा ताग किती पिकणार यावर शेतकरी, गिरण्या आणि व्यापारी यांचे सगळे गणित अवलंबून. पण लाखो लहान लहान शेते मोजणार कोण? १९३७ पासून महालनोबिसांनी यासाठी प्रयोग सुरू केले. त्यांनी एकदम सगळा प्रांत हाती घेतला नाही. पहिल्या वर्षी थोड्या भागात पाहणी केली, माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला किती वेळ लागतो, लिहायला किती लागतो, खर्च किती येतो, हे सारे टिपून ठेवले. चुका सापडल्या त्या दुरुस्त केल्या आणि मग दरवर्षी व्याप वाढवीत १९४१ साली संपूर्ण बंगालची पाहणी केली.

कोणते शेत पाहायचे हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले नव्हते. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवगतीने ठरे. मग ते रस्त्याकडेला असो की चिखलापलीकडे, तिथे जावेच लागे. शिवाय त्यांनी एक युक्ती योजली. एकाच प्रदेशातून दोन वेगवेगळे नमुने निवडायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांनी ते स्वतंत्रपणे पाहायचे. दोघांची उत्तरे जुळली तर ठीक. फार अंतर पडले तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे समजते. आम्ही शिबिरात दोघी-दोघी गेलो, पण दोघींनी मिळून एकच तक्ता भरला. आमची चूक पकडायला दुसरे कोणीच नव्हते.

एका वर्षी बंगालात तागाचा अंदाज दोन्ही पद्धतींनी काढण्यात आला. सरकारने शेतान् शेत मोजले. त्याला सुमारे ३३,००० माणसे लागली आणि खर्च सुमारे ८२ लाख रुपये आला. नमुना पाहणीला सुमारे ६०० माणसे पुरली आणि खर्च सुमारे ८ लाख झाला. सरकारी मोजणीचे उत्तर होते सुमारे ६३ लाख गासड्या. नमुना पाहणीचे उत्तर ७५ लाख ४० हजार. नंतर जकात आणि व्यापार यांच्या नोंदींवरून प्रत्यक्ष आकडा निघाला सुमारे ७५ लाख ६२ हजार! सगळी शेते मोजणारे चुकले आणि थोडी मोजणारे बरोबर ठरले. हे कसे? हजारो नवख्या माणसांवर देखरेख ठेवणे अवघड असते. थोडी माणसे नीट शिकवून तयार करता येतात आणि त्यांचे काम तपासता येते. किती मोजले यापेक्षा कसे मोजले याला महत्त्व आहे, ही गोष्ट मला या आकड्यांनी पटली.

महालनोबिसांचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही, आणि याची हकीगत सांगताना आपल्या एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे नाव घ्यायला हवे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीत कृषिसंशोधन परिषदेत काम करीत होते. एकरी उतारा काढण्यासाठी महालनोबिसांची माणसे शेतात चार-पाच फूट त्रिज्येचे लहानसे वर्तुळ आखून तेवढेच पीक कापीत. सुखात्मे यांचा आक्षेप असा की कडेवरचे रोप आत की बाहेर अशी शंका आली की माणसाचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून उतारा फुगतो. तेव्हा तुकडा मोठा घ्यावा, असे त्यांचे मत होते. या प्रश्नावर दोघांत बराच वाद झाला. लहान तुकड्यांमुळे उतारा जास्त येतो हे महालनोबिसांच्या स्वतःच्या प्रयोगांतही दिसले होते. सल्ला देणाऱ्यालाही सल्ल्याची गरज असते, तीही अशी.

१९४३ च्या भीषण दुष्काळात बंगालात लाखो माणसे मेली. त्यानंतर संस्थेने गावोगाव नमुना पाहणी करून कोणत्या कुटुंबांची जमीन गेली, कोणाचे बैल गेले, कोण देशोधडीला लागले याची माहिती जमवली. आकड्यांमागे माणसे असतात हे तिथे विसरता येत नव्हते.

१९४७ मधील दिल्लीची एक हकीगत तर मी घरी आईलाही सांगितली. दंगलींमुळे अल्पसंख्य समाजातील पुष्कळ लोक लाल किल्ल्यात आश्रयाला आले होते. त्यांच्या जेवणाचे सामान ठेकेदार पुरवीत आणि माणसांचा आकडा सांगून भरमसाट बिले लावीत. आत जाऊन मोजणी करणे शक्य नव्हते. संख्याशास्त्रज्ञांना विचारण्यात आले, तेव्हा महालनोबिसांचे सहकारी जे. एम. सेनगुप्ता यांनी ठेकेदारांचीच बिले मागवली. माणशी तांदूळ, डाळ आणि मीठ किती लागते हे आधीच्या पाहण्यांवरून ठाऊक होते. त्यावरून भागाकार केला तर तांदळावरून येणारी माणसे सर्वांत जास्त आणि मिठावरून येणारी सर्वांत कमी! मीठ स्वस्त, त्यात खोटे लिहून काय मिळणार? म्हणून मिठाचा हिशोब खरा धरायचा. हुमायूनच्या कबरीजवळच्या लहान छावणीतील माणसांची संख्या अदमासे माहीत होती; तिथे ही पद्धत ताडून पाहिली, तर ती बरोबर उतरली. आई म्हणाली ते असे की लग्नाघरी किती पाने उठली हे मिठावरून सांगणारी बाई तिनेही पाहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने त्यांना मानद संख्याशास्त्रीय सल्लागार नेमले. १९४९ साली देशाचे उत्पन्न मोजण्यासाठी समिती झाली. तिचे अध्यक्ष महालनोबिस, आणि सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. काम सुरू करताना दिसले की खेड्यांतील लोक काय खातात, काय कमावतात याचे विश्वसनीय आकडेच नाहीत. मग १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत देशभरातील १,८३३ खेडी निवडण्यात आली. पाहणी करणारे तरुण डोंगर-नद्या ओलांडून तिथे पोचले. शेर आणि मण ही मापेदेखील सगळीकडे सारखी नव्हती. ती समजून घेण्यापासून सुरुवात. गरिबीविषयी आपण वर्गात जे आकडे पाठ करतो त्यांचे मूळ या पायपिटीत आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांनी तयार केला हे सर्वांना माहीत आहे. अवजड उद्योगांवर त्यांचा भर होता. त्यामुळे धान्य आणि रोजच्या गरजेच्या वस्तूंकडे दुर्लक्ष होईल, अशी टीका मुंबईच्या वकील व ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांनी केली. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबिसांचे निधन झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

असो. यंदा शिबिर ठरताच आम्ही आधी सरांकडे गेलो. गावातल्या आणि वस्तीवरच्या सगळ्या घरांची यादी केली, चिठ्ठ्या टाकून घरे निवडली. मजूर घरी येतात त्या वेळी, संध्याकाळी, बॅटरी घेऊन गेलो. दार बंद दिसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. एकाच आळीत दोन तुकड्यांनी वेगवेगळ्या घरांची पाहणी केली. मागच्या वर्षीचे पाचांतले चार कुठल्या कुठे गेले. नळ असलेली घरे निम्म्याहून थोडीच जास्त निघाली. तो कागद आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवला. ओढ्यापलीकडच्या एका आजीबाईंनी आपले घर त्यात आहे ना, हे मला दोनदा विचारून घेतले.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणतो. माझी आई मात्र शीत दाबून पाहण्याआधी पळी भांड्याच्या तळापर्यंत घालून भात ढवळते. वरचे शीत शिजलेले असले तरी तळाचे कच्चे असू शकते, हे तिला कोणी शिकवलेले नाही. महालनोबिसांनी साऱ्या देशाला हेच शिकवले. त्यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.